कूस

मोबाईल आधी वाजला, माणसं नंतर आली.
वडगावात पोरं पळवणारी टोळी शिरलीय,
बर्म्याकडची, बोलणं बंगाल्यासारखं,
असं कुणीतरी कुणालातरी पाठवलं
आणि गल्ली जेवायची विसरली.

आमच्याकडं कांड्या भरायची सेनुवारा.
आराकानातनं निघालेली, दोन सरहद्दी ओलांडून
कशी कोण जाणे, आमच्या सरहद्दीवर येऊन थांबलेली.
नवरा उद्यमबागेत ओतकामाला, रातपाळी.
कमरेला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कार्ड,
हे दाखवलं की मारत नाहीत,
असं तिला कुणीतरी सांगितलेलं.
आम्ही काही बोललो नाही.
अंधारात कार्ड कोण वाचतंय?

साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी लोक दिसले.
गेल्या नोव्हेंबरात माझ्या कारखान्याच्या पाटीला
डांबर फासणारा होता त्यात,
आणि ते डांबर पुसायला रॉकेल घेऊन आलेला पण होता.
एकाच काडीवर दोघांच्या विड्या.
ज्यांना कुठल्या सभेनं कधी एका सतरंजीवर बसवलं नाही
ते असे खांद्याला खांदा लावून आलेले बघून
क्षणभर, खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटलं.

सावंत्रेव्वा भिंतीपलीकडची.
तिचे चार माग, माझे पाच,
मध्ये वीतभर भिंत आणि बावीस वर्षांचा अबोला,
गटारीवरनं सुरू झालेला, भाषेवर येऊन टेकलेला.
ती मागच्या दारानं आली,
सेनुवाराला तान्ह्यासकट माझ्या माळ्यावर चढवलं,
सुताच्या पोत्यांमागं,
शिडी ओढून घेतली,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,
"मग्ग हच्च."
माग चालू कर.

नऊ माग एकदम लागले.
धोटे खट्टाक खट्टाक धावायला लागले,
मंगाईचं कॅलेंडर खिळ्यावर नाचायला लागलं.
वर फळीच्या फटीतनं पोराचं उघडं तोंड दिसत होतं,
आवाज नव्हता.
खाली दारातले ओरडत होते.
त्यांचीही नुसती तोंडंच.

आणि वीज गेली.

वडगावात वीज जायला काही कारण लागत नाही.
शेवटचा धोटा ताण्यात अर्ध्यावर अडकला,
आणि सात महिन्यांचं ते रडणं
सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"यार कूसु?" कुणीतरी.
मग दुसरा, आमच्या भाषेत, "कुणाचं पोर बे हे?"

सावंत्रेव्वा उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली.
बासष्टची, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली,
केसांत सुताचा कापूस.
"नम्म कूसु," म्हणाली.

कूसु म्हणजे तान्हं. मला ठाऊक आहे की.
पण मला ऐकू आली ती कूस.
एका भाषेत जिथनं येतो ती,
दुसरीत जे येतं ते.
मी तिच्या बाजूला गेलो.
"आमचंच," म्हणालो. आवाज फाटला.

एक दगड आला, तिच्या खांद्यावर बसला.
ती हलली नाही.
मग अंधारात कुणीतरी म्हणालं,
"दोघांचं मिळून व्हय?"
आणि खिदळलं, आणखी एक खिदळला.
हसणाऱ्याला दगड नीट धरता येत नाही बहुतेक.
दुसरा आला नाही.
धैर्याबिर्यानं नव्हे, त्या घाण विनोदानं वाचलो आम्ही,
हे पण लिहून ठेवतो.

पोलीस साडेबाराला आले.
जबाब कन्नडात, माझी सही मराठीत,
यावरनं अर्धा तास गेला.

चौथ्या दिवशी नवरा-बायको पोर घेऊन गेली.
कुठं ते त्यांनी सांगितलं नाही.
विचारायची मला लाज वाटली.
तिनं भरलेल्या कांड्यांचं कापड
खासबागेच्या बाजारात विकलं पण गेलं.

गटारीचं भांडण सोमवारी परत सुरू झालं.
तिचा खांदा अजून वर जात नाही,
तरी हात वारे करून भांडते, दुसऱ्या हातानं.

फक्त वीज गेली
की दोन्हीकडचे माग एकदम थांबतात,
मी माळ्याकडं बघतो,
आणि भिंतीपलीकडं
तिचा खोकला थांबलेला असतो.